माझ्याच ट्रेसरची बदनामी

ओहायोत असताना मी एक किरणोत्सारी द्रव्य बनवायचे. लहान मुलांच्या मेंदूतल्या गाठी कॅमेऱ्याला दिसाव्यात म्हणून ते शिरेतून टोचायचे. हे असं दोन वाक्यांत सांगता येतं, हे मला नोकरी सोडल्यावर सुचलं. तोवर तिथल्याच डब्लिन नावाच्या गावातल्या मराठी घरांत पॉटलकच्या जेवणाला कुणी "तुम्ही कशात?" असं विचारलं, की मी घसा खाकरून अणूपासून सुरुवात करायचे. बाकीचे जावा किंवा डेटाबेस एवढंच सांगून पुलावाकडे वळलेले असायचे, आणि मी अजून न्यूट्रॉनपाशीच असायचे. एकदा एका काकूंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आपलं श्रीखंडाचं भांडं माझ्यापासून हातभर लांब सरकवलं आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "हिला कॉम्प्युटरचं काही नाही का जमत?"

या द्रव्याला ट्रेसर म्हणतात. शरीराच्या ओळखीचा एखादा पदार्थ घ्यायचा, त्यातला एक अणू किरणोत्सारी करायचा आणि तो रक्तात सोडायचा. तो जिथे जाऊन बसेल तिथून कॅमेऱ्याला खुणा मिळतात. आमच्या विभागात दोन ट्रेसरांची तुलना चालली होती. एक साखर, आणि दुसरं मेथिओनाईन, म्हणजे अंड्यात, तिळात असणारं एक अमिनो आम्ल. साखर जुनी आणि जगभर नावाजलेली. गाठ साखर अधाशासारखी खाते हे खरं, पण मेंदूही खातो. त्यामुळे अख्खा मेंदूच उजळतो, आणि दिवाळीत रोषणाई केलेल्या गल्लीत एखादी पणती शोधावी तशी गत होते. अमिनो आम्लाची निरोगी मेंदूला फारशी भूक नसते. तो काळा राहतो, आणि गाठ असली तर तेवढीच चमकते.

साखर बाहेरगावाहून व्हॅनमधून यायची आणि आरामात टिकायची. माझं मेथिओनाईन दर वीस मिनिटांनी निम्मं व्हायचं. ते तळघरात बनवायचं, तपासायचं आणि जिना चढून पळत स्कॅनरपाशी पोचवायचं. पण ते मी बनवायचे, म्हणून ते माझं. साखरेचा मी सवतीसारखा मत्सर करायचे. बैठकीत कुणी साखरेच्या फोटोचं कौतुक केलं की मला दिवसभर जेवण जायचं नाही. एका आठवड्यात तर मी घरातल्या चहातही साखर घालणं बंद केलं. नवरा म्हणाला, "भांडण तुमचं, मी कशाला फिका चहा पिऊ?"

एवढा अभिमान मनात, पण तो तोंडाने बोलून दाखवायची सोय नाही. माझ्या आईने आयुष्यात स्वतःच्या कुठल्याही पदार्थाला चांगलं म्हटलेलं नाही. चकली काटेरी, खुसखुशीत उतरली की म्हणायची, "यंदा जरा फसल्यात." शेजारचं बाळ गुटगुटीत दिसलं की त्याच्या आईच्या आधी हीच म्हणायची, "कसलं मेलं, हाडं दिसतायत." चांगल्याला चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, हे तिने आम्हाला शिकवलं नाही, आम्ही ते दुधाबरोबर प्यायलो. मी रसायनशास्त्रात पीएचडी केली, जगातली महागडी यंत्रं हाताळली, पण सवय जाईना. ट्रेसर जितका चांगला उतरेल तितकी मी त्याला नावं ठेवायचे. अगदी मोठ्याने, मराठीत. द्रव्य बनवणारं माझं यंत्र शिशाच्या जाड भिंतींच्या पेटीत बंद असायचं. मी जाड काचेतून आत बघत त्याला शिव्या द्यायचे, विनवण्या करायचे, आणि काम फत्ते झालं की म्हणायचे, "गेलं कामातून."

तळघरात मला मराठी समजणारं कोण होतं? परदेशातल्या मराठी माणसाचा हा सगळ्यात लाडका समज. सुपरमार्केटच्या रांगेत उभं राहून पुढच्याच्या गाडीतल्या सामानावर आम्ही बिनधास्त शेरे मारतो, लिफ्टमध्ये शेजारच्या बाईच्या अत्तराची चिरफाड करतो. कुणालाच कळत नाही, या भरवशावर जीभ सैल सुटते. आणि मग एक दिवस ती अत्तरवाली बाई वळून म्हणते, "कुठले तुम्ही? आम्ही साताऱ्याचे." हे दर मराठी घरात एकदा तरी घडलेलं आहे. तरी कुणी सुधारत नाही, आणि मी तर नाहीच नाही.

त्या वर्षी आमच्या अभ्यासात एक नऊ वर्षांची मुलगी आली. आली म्हणजे कागदावर आली. आम्हा तळघरातल्या माणसांना पेशंटचं नाव कळायचं नाही, फक्त क्रमांक. तिच्या मेंदूतली गाठ पूर्वी शस्त्रक्रियेने काढली होती आणि मग त्या जागेवर किरणोपचार झाले होते. आता एमआरआयमध्ये त्याच जागी नवा डाग दिसत होता. असा डाग दोन गोष्टींचा असू शकतो. गाठ परत आलेली असेल, किंवा किरणांनी भाजलेल्या जागेचा नुसता व्रण असेल. एमआरआयला दोन्ही सारखेच दिसतात. गाठ असेल तर परत डोकं उघडायचं आणि पुढचं सगळं भोगायचं. व्रण असेल तर औषध देऊन वाट बघायची. आमचे मुख्य डॉक्टर बो टाय लावणारे, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी शस्त्रक्रियेचा दिवस आधीच धरून ठेवला होता, आमच्या फोटोंवर तो ठरणार किंवा रद्द होणार होता.

आदल्या दिवशी तिचा साखरेचा स्कॅन झाला. डाग मेंदूच्या अशा भागाला चिकटून होता की तिथे साखर मुळातच भरपूर जाते. डॉक्टरांनी फोटो तीनदा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "काही सांगता येत नाही." साखर आपटली म्हणून मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता माझी पाळी होती. माझ्या डोळ्यांपुढे काळा मेंदू आणि त्यात ठळक चमकणारा एक ठिपका आला, शेजारी साखरेचा गिचमिड फोटो आला, आणि त्या दोन फोटोंपुढे उभी राहून परिषदेत बोलणारी मी आले, तीही साडी नेसून. तो ठिपका चमकणं म्हणजे एका मुलीची गाठ परत येणं, हे माझ्या ध्यानात यायला घरी पोचून कुकर लावेपर्यंत वेळ गेला. मला स्वतःची लाज वाटली. माझा ट्रेसर यशस्वी दिसायचा तर त्या पोरीचं वाईट व्हायला हवं होतं. मी तिच्यासाठी मनापासून प्रार्थना केली, आणि प्रार्थना करतानाही साडी कुठली ते ठरत होतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रातली एक झडप अडकली. पहिली खेप वाया गेली. वर मुलगी आदल्या रात्रीपासून उपाशी, स्कॅनर तिच्यासाठी अडवून ठेवलेला. मी इंटरकॉमचं बटण दाबून वरच्या टेक्निशियनला सांगितलं की आणखी एक खेप करते, थांबा. मग बाह्या सरसावून पेटीपुढे उभी राहिले. "अगं ए बये, आजच सुचलं का तुला हे? वर पोरगी उपाशी बसलीये. तिने काय घोडं मारलंय तुझं? चल, उघड आता तोंड." असं बरंच काही. यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला, तेव्हा झडप सुटली.

दुसरी खेप अशी उतरली की मी बघतच राहिले. एवढं भरघोस द्रव्य मला कधीच मिळालं नव्हतं. तपासणीला एक थेंब घातला तर आलेखावर एकच सुळका, सरळ, टोकदार, आजूबाजूला भेसळीचं नाव नाही. आणि आईच्या लेकीने तोंड उघडलं. "कसलं काय! पाणी झालंय नुसतं. सगळी मेहनत फुकट. आज काही दिसायचं नाही याच्यात." मी हे एवढ्या कळवळ्याने म्हणाले की दृष्टीची काय बिशाद! मग कुपी शिशाच्या डब्यात घातली आणि जिन्याकडे पळाले.

इंटरकॉमचं बटण दाबल्यावर परत वर ओढावं लागायचं. ते मी ओढलं नव्हतं.

वर पोचले तर मुलगी टेबलावर आडवी होती, डोकं पट्ट्यांनी बांधलेलं, अंगावर अस्वलांचं पांघरूण. मला बघून ती हसली. "मम्मा, इज दॅट द यलिंग लेडी?"

तिच्या शेजारी खुर्चीत बसलेली बाई माझ्याकडे बघत होती. जीन्स, स्वेटर, कपाळावर बारीक टिकली. मी हसले तर ती हसली नाही. "ताई, तुम्ही मराठी?" तिने विचारलं, आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. टेक्निशियनने कौतुकाने सांगितलं की खालून इंटरकॉमवर माझी प्रार्थना ऐकू येत होती, ती ऐकू आली की काम होतंच असा त्याचा अनुभव आहे, म्हणून त्याने तो बंद केला नाही. चांगल्या मनाचा माणूस. मी त्याला इतकी वर्षं प्रार्थना ऐकवत होते!

त्या बाईला आणखी काहीतरी विचारायचं होतं. तिने तोंड उघडलं, मुलीकडे पाहिलं आणि मिटलं. आणि मेथिओनाईन काही कुणासाठी थांबत नाही. नर्सने सुई टोचली, टेक्निशियनने सगळ्यांना बाहेर काढलं. मी काचेच्या अलीकडे उभी राहिले आणि मनात माझी वाक्यं एकेक करून आठवत बसले. घोडं मारलंय. बये. सात पिढ्या. याहून वाईट काही आपण बोललो नाही ना, एवढीच मला काळजी होती. मूर्खपणाची परमावधी म्हणजे, 'पाणी झालंय' हे वाक्य मला आठवलंच नाही. ते मी इतक्यांदा म्हणते की ते बोलणं आहे असं मला वाटतच नाही.

फोटो तयार झाला. डॉक्टर आणि मी अंधाऱ्या खोलीत पडद्यापुढे बसलो. मेंदू काळा होता. डागाची जागा डॉक्टरांनी बोटाने दाखवली. तिथेही काळंच. त्यांनी वरून पाहिलं, बाजूने पाहिलं. ठिपका नाही. लाळेच्या ग्रंथी आणि डोळ्यांपाशी अश्रूंच्या ग्रंथी मात्र लख्ख चमकत होत्या. त्या निरोगी माणसातही मेथिओनाईन घेतात. म्हणजे माझं द्रव्य डोक्यापर्यंत नीट पोचलं होतं, आणि डागाने ते घेतलं नव्हतं. डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. "व्रण आहे," ते म्हणाले. "शस्त्रक्रिया नको." मी रडले. परिषद गेली, ठिपका गेला, साडी गेली, आणि मला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. बाकीच्या मुलांच्या वेळी मी अशी कधी रडले नव्हते. त्यांच्या आयांनी मला मराठीत ताई म्हटलं नव्हतं, एवढंच कारण असेल तर ते काही भूषणावह नाही.

डॉक्टर मुलीच्या आईला सांगायला गेले आणि थोड्या वेळाने परत आले. त्यांचा बो टाय वाकडा झाला होता. "ती विश्वास ठेवत नाहीये," ते म्हणाले. "ती म्हणते, खालच्या बाईने स्वतः सांगितलं की औषध बिघडलंय. पाणी आहे, काही दिसणार नाही. आणि तसंच झालं, काही दिसलं नाही. तू असं म्हणालीस?"

मी म्हणाले, "हो."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी आलेख दाखवला, कुपीतल्या द्रव्याचा आकडा दाखवला, अश्रुग्रंथी दाखवल्या. त्यांनी सगळं पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, "मग तू बिघडलं असं का म्हणालीस?" तर मी त्या खोलीत, एका प्राध्यापकाला, इंग्रजीत, दृष्ट समजावली. चकल्या समजावल्या. गुटगुटीत बाळ समजावलं. ते फार सभ्य गृहस्थ होते, त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "म्हणजे गेली चार वर्षं तू दर बैठकीत 'नॉट ग्रेट' म्हणतेस, ते..." मी मान खाली घातली. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "माझं ऐकून उपयोग नाही," ते म्हणाले. "तूच जा."

ती कॉरिडॉरच्या टोकाला उभी होती. मुलगी आत नर्सपाशी बसून पॅनकेक खात होती, तिचा आवाज ऐकू येत होता. मी सांगायला सुरुवात केली. अर्थातच अणूपासून. ग्रंथी, सुळका, शुद्धता. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काही पोचत नव्हतं.

"ताई," तिने मला थांबवलं, "तुम्ही तसं का बोललात ते मला कळलंय. मी पण तेच करते. मागच्या वर्षी हिची तब्येत मस्त होती, शाळेत जायला लागली होती, पोहायला जायची. कुणी विचारलं की मी म्हणायचे, कसलं काय, अशक्तच आहे. आई इंडियातून फोनवर विचारायची, तिलाही तेच. एकदासुद्धा बरी आहे म्हणाले नाही. कशाला उगाच बोलून दाखवायचं, असं वाटायचं. आणि तरी हा डाग आलाच ना!" तिने स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं. "ते सगळं सोडा. मला फक्त खरं सांगा. तुमचं ते चांगलं झालं होतं का?"

साधा प्रश्न होता. हो एवढंच म्हणायचं होतं. पण 'ठीक होतं', 'तसं बरं होतं', 'वापरण्याजोगं होतं' अशी सगळी लबाड, गुळमुळीत वाक्यं एकामागून एक दातांपाशी आली, आणि मी ती गिळली. मला खरोखर भीती वाटली. मी म्हटलं आणि काही वाकडं झालं तर? पुढच्या महिन्यात डाग वाढला तर? मी, रसायनशास्त्राची डॉक्टर, त्या कॉरिडॉरमध्ये एका वाक्याला घाबरून उभी होते. आणि तिला त्या वाक्याशिवाय घरी जाता येत नव्हतं. ती रात्रभर पाण्याचाच विचार करत बसली असती.

"चांगलं झालं होतं," मी म्हणाले. "खूप चांगलं. मी आजवर जेवढं बनवलंय, त्यातलं सगळ्यात चांगलं. तिथे गाठ असती तर दिसलीच असती."

मग तिने माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट.

"परत एकदा सांगा," ती म्हणाली.

मी परत सांगितलं.